रिंग सैल का व्हायची

"परत सैल आहे," मी म्हटलं.

डेलनं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि यंत्राकडे वाकून पाहिलं. मी नुकतंच काढून दिलेलं काडतूस त्याच्या वाकड्या बोटांत होतं. काडतूस म्हणजे नुसतं सोंग. आत दारू नाही, बुडाला दारू पेटवणारा प्रायमर नाही. रिकामी पितळी पुंगळी आणि तिच्या तोंडात बसवलेली गोळी, एवढंच. काडतुसं भरायचं यंत्र नीट लागलंय का ते बघायला आधी अशी खोटी काडतुसं करतात. मी व्हर्नियर लावून त्याची लांबी मोजली होती. मागच्या शनिवारी बरोबर आलेली लांबी आज वाढली होती. गोळी पुरती खाली बसत नव्हती, कारण तिला दाबणारा डाय, म्हणजे लोखंडी साचा, ज्या रिंगेनं जागच्या जागी घट्ट करतात, ती रिंग सैल झाली होती.

"पण तू ती माझ्यासमोर आवळलीस," डेल म्हणाला.

"आवळली होती."

गॅरेजच्या कोपऱ्यात, अंगात दिनकरचा जुना कोट घालून स्टुलावर बसलेल्या माझ्या सासूबाईंनी विचारलं, "काय झालं गं?"

"रिंग सैल झालीय, आत्ती."

"मग आता?"

"आता परत पहिल्यापासून. आज काही पुरं होत नाही हे."

"बरं," आत्ती उठत म्हणाल्या. "डेलरावास्नी च्या टाकतो."

आत्ती इचलकरंजीच्या. 'मी टाकतो, मी जातो' असंच बोलायच्या. अमेरिकेत येऊन चार वर्षं झाली होती तरी त्यात काडीचा फरक पडला नव्हता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा आम्ही आयडाहो राज्यातल्या ट्विन फॉल्समध्ये राहत होतो. आम्ही म्हणजे मी आणि आत्ती. माझा नवरा दिनकर तिथल्या एका चीजच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायचा. सासरे गेल्यावर त्यानं आईला इकडं आणलं होतं. त्या जानेवारीत कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीवरचं बर्फ खरवडता खरवडता तो खाली बसला, तो उठलाच नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात आम्ही दोघी उरलो. दोघींच्या मधला माणूस गेला, की उरलेल्या दोघींना एकमेकींशी काय बोलावं ते कळत नाही. आम्ही मीठ, दूध, थंडी यांच्यावर बोलायचो.

दिनकरला नेमबाजीचा नाद कॉलेजातल्या एनसीसीपासून होता. इथं कारखान्यातून निवृत्त झालेला डेल त्याला गावाबाहेरच्या क्लबात घेऊन गेला आणि दर शनिवार तिकडं जायला लागला. तिथले बरेच जण आपली काडतुसं घरीच भरायचे. डेलही भरायचा, पण त्याचं यंत्र जुनं, एका वेळी एकच काम करणारं. एका काडतुसासाठी दांडा चार-पाचदा ओढायचा, दर वेळी डाय बदलायचा. संधिवातानं त्याची बोटं वाकडी व्हायला लागली तसं ते त्याला जमेना. मग दोघांनी मिळून मोठं यंत्र मागवलं. डेल राहायचा ट्रेलरमध्ये, तिथं जागा नव्हती. म्हणून ते आमच्या गॅरेजात बसवायचं ठरलं. दिनकरनं जाड लाकडाचं टेबल करून भिंतीला बोल्टनं जखडलं, त्याच्यावर यंत्राचा निळा सांगाडा उभा केला. बाकीचे भाग खोक्यातच होते, तेव्हा तो गेला.

मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर डेल एकदा दारात आला. "ते खोकं मी घेऊन जाऊ का? ट्रेलरमध्ये करीन कशीतरी जागा. तुझी अडचण नको," म्हणाला. मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, "असं अर्धवट नको. मी लावते. लागलं की घेऊन जा."

माझं काम दातांच्या लॅबमध्ये. क्राउन, ब्रिज बनवायचे. केसाच्या जाडीचा फरक बोटांना कळायची सवय. तेव्हा पाने, डाय, व्हर्नियर यांची मला भीती नव्हती. शनिवारी डेल आला की तो पुस्तिका वाचायचा आणि मी हातानं करायची.

पहिल्याच शनिवारी आत्ती स्टूल घेऊन आल्या. "मी हितंच बसतो," म्हणाल्या. त्यांचं अर्धं आयुष्य घरच्या चार यंत्रमागांवर गेलेलं. यंत्र दिसलं की त्यांना विचारल्याशिवाय राहवायचं नाही.

"ही मधली चकती फिरती व्हय?"

"हो. दांडा खाली ओढला की चकती वर जाते. वरचे डाय एकदमच आपापलं काम करतात. दांडा सोडला की पुंगळ्या एकेक घर पुढं सरकतात. पहिल्या घरात पुंगळीचा जुना प्रायमर पडतो आणि अंग सरळ होतं. मग नवा प्रायमर बसतो. दुसऱ्या घरात दारू पडते. पुढं दारूची पातळी बघायची एक सळी आहे. कमी-जास्त झाली तर ती ओरडते. मग गोळी बसते, मग तोंड आवळलं जातं."

"म्हंजे एकदा ओढलं की एक पुरं?"

"सगळी घरं भरल्यावर, हो."

"आणि प्रायमर म्हंजी?"

मी डबीतला एक दाखवला. आत्तींनी लांबूनच पाहिला. "ही तर टिकली. पोरं दिवाळीला फोडत्यात तसली." मग डेलकडं वळून कपाळावर बोट टेकवत त्या म्हणाल्या, "टिकली!" डेलनं ते मन लावून तीन-चारदा म्हटलं, आणि तेव्हापासून आमच्या गॅरेजात प्रायमरला टिकली हेच नाव पडलं.

यंत्र लावता लावता डेल बोलायचा. मूळचा अबोल माणूस, पण हातात काम असलं की त्याला कंठ फुटायचा. आणि तो बोलायचा दिनकरबद्दलच. एका स्पर्धेत दिनकर पहिला यायच्या बेतात होता, तेवढ्यात पलीकडच्या माळावरून एक हरणी आणि तिचं पाडस चालत आलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. दिनकरनं पिस्तूल खाली ठेवलं, हात वर केला आणि नेमबाजांची सगळी रांग थांबवली. "तिला आधी जाऊ द्या, तिच्याबरोबर लेकरू आहे," म्हणाला. पुढं त्याचा हात काही लागला नाही.

मी आत्तींना मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग? हरला?"

"हरला."

"बरं झालं," आत्ती म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. जानेवारीनंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

तेव्हापासून डेलनं तोंड उघडलं की त्यांचं असायचंच, "काय म्हणतोय? सगळं सांग. मधलं गाळू नको."

त्याच सुमाराला इचलकरंजीहून प्रकाश भाऊजींचा, माझ्या दिरांचा फोन आला. आईला आता पाठवून द्या, म्हणाले. इथं नातवंडं आहेत, भावकी आहे, बोलायला माणसं आहेत; तुम्ही दिवसभर कामावर, तिला एकटीला घर खायला उठत असेल. त्यांचं चूक नव्हतं. मीही तेच म्हणत होते. आत्तींना इंग्रजी येत नव्हतं, गाडी येत नव्हती. खिडकीतून दिसायचं काय, तर शेजाऱ्याचा बंद दरवाजा. मी त्यांना विचारलं, "आत्ती, कधी जायचं म्हणता? मेमध्ये जाता का?"

"तू म्हणशील तवा," त्या म्हणाल्या.

मी भाऊजींना सांगितलं, "गॅरेजातलं एवढं काम उरकलं की मेअखेरचं तिकीट काढते."

आणि नेमकं ते काम उरकेना.

आधी चकतीचा बोल्ट. मी तो बरोबर बेतानं आवळला होता. फार घट्ट झाला तर चकती फिरत नाही, सैल राहिला तर डुलते. पुढच्या शनिवारी चकती डुलत होती. तो नीट केला, तर पुंगळीचं तोंड फाकवणारा डाय वर सरकलेला. मग ही गोळीची रिंग, एकदा, दोनदा. मी यंत्राच्या कंपनीला फोन केला. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "बाई, आवळलेली रिंग आपली आपण सैल होत नाही. तुम्ही दांडा ओढता का मधल्या दिवसांत?" मी म्हटलं, "मी हातही लावत नाही."

त्यानं एक युक्ती सांगितली. मी लॅबमधली लाल मेणाची पेन्सिल आणली आणि रिंग आवळून झाल्यावर रिंगेवर आणि खालच्या लोखंडावर मिळून एक उभी रेघ ओढली. रिंग हलली तर रेघ तुटणार. डेल घरी गेल्यावर मी गॅरेजचा दिवा मालवला. सोमवारी संध्याकाळी सहज डोकावले. रेघ जिथल्या तिथं. बुधवारी पाहिलं तर रेघेचे दोन तुकडे. वरचा डावीकडं, खालचा आपल्या जागी.

म्हणजे कुणीतरी हात लावत होतं.

माझ्या मनात पहिल्यांदा डेलच आला. गॅरेजचं दार ज्या नंबरानं उघडतं, तो दिनकरनं त्याला कधीच देऊन ठेवला होता. एकटा माणूस, बायको कधीची सोडून गेलेली, जवळचा मित्र गेलेला. शनिवारची आमची उठबस संपू नये म्हणून तोच तर हे करत नसेल? राग येण्याऐवजी मला त्याची दयाच आली. पण हा खेळ नव्हता. पुढची पायरी दारूची होती. दारू भरायच्या यंत्राशी असे चाळे चालत नाहीत. कमी-जास्त पडली तर बंदूक हातात फुटते. शनिवारी त्याला स्पष्ट विचारायचं मी ठरवलं.

शुक्रवारी लॅबची भट्टी बंद पडली, म्हणून सगळ्यांना दुपारीच घरी सोडलं. मी पुढच्या दारानं आत आले. टीव्ही चालू होता, समोर कुणी नव्हतं. स्वयंपाकघरातून गॅरेजात उघडणारं दार अर्धवट उघडं होतं.

आत्ती स्टुलावर बसल्या नव्हत्या, त्याच्यावर एक गुडघा टेकून उभ्या होत्या. दिनकरचा चष्मा नाकावर. हातात पाना. लोखंडावर ओरखडा उठू नये म्हणून पान्याच्या तोंडाला त्यांनी पदराचा शेव गुंडाळला होता. आणि अगदी सावकाश, जीभ दातांत धरून, त्या ती रिंग फिरवत होत्या.

"आत्ती!"

त्या दचकल्या, पण पाना खाली पडू दिला नाही. हळूच टेबलावर ठेवला, पदर सोडवला, खाली उतरल्या. चेहऱ्यावर चोरी सापडल्याचा भाव मुळीच नव्हता. कामात कुणी मधेच आलं की असतो तसला त्रासिकपणा होता.

"तू आज लौकर?"

"तुम्ही... हे तुम्ही करत होता? इतके दिवस?"

"व्हय."

"अहो, ही काय चेष्टा आहे? काडतुसं आहेत ती! उद्या डेल ती पिस्तुलात घालणार. त्याचा हात गेला असता म्हणजे?"

"दारूच्या भांड्याला मी बोटबी लावलं न्हाई." आत्तींचा आवाज पहिल्यांदाच चढला. "त्या ओरडणाऱ्या सळीला न्हाई, वजनाच्या काट्याला न्हाई. जे सैल झालं की तुला मोजताना लगेच कळंल, तेवढंच सैल केलं. येवढी अक्कल हाय मला. चार माग सांभाळल्यात मी."

"पण का?"

टीव्हीवर कुणीतरी मोठमोठ्यानं हसत होतं.

"हे संपलं की तू मला इमानात बसवणार," आत्ती म्हणाल्या. "प्रकाशला फोनवर सांगितलंस. मी ऐकलं."

"तुमच्याच भल्यासाठी ना! तुम्हाला विचारलं मी. तुम्हीच म्हणालात, तू म्हणशील तेव्हा."

"तू काय विचारलंस? कधी जायचं, म्हणून विचारलंस. जायचंय का, आसं कुठं विचारलंस?"

मी दाराशीच पायरीवर बसले. कामाची पिशवी अजून खांद्याला होती.

आत्ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. चष्मा काढून तो पुसत राहिल्या.

"तिथं मला कमी न्हाई काई," त्या म्हणाल्या. "प्रकाश चांगलाय, सूनबी चांगलीय. पोरं आजी आजी करतील. पर कुंदा, तिथं दिनूचं नाव निघालं की सगळी काय सांगणार? पंचगंगेत पोहायला गेला आणि चड्डी हरवून आला. शाळंत पहिला आला. ते मला ठावं हाय, ते मीच तर सांगितलंय सगळ्यांस्नी. बाविसाव्या वर्षी गेला पोरगा घरातनं. पुढचा दिनू तिथं कुणाला ठावं न्हाई. मलाबी न्हाई. चार वर्सं संगट ऱ्हायलो, तर तो सकाळी जायचा, रात्री यायचा, जेवलीस का इचारायचा. मोठा झालेला दिनू कसा होता, ते तुला ठावं, आणि त्या डेलरावास्नी. तू तर त्याचं नावबी घेत न्हाईस. मग ऱ्हायलं कोण?"

मी पिशवी खांद्यावरून उतरवून मांडीवर घेतली.

"मागच्या महिन्यात त्यो काय बोलला? दिनू त्याला सांगायचा, माझी आई अंथरुणात पडल्या पडल्या सांगायची, कुठल्या मागाचा धागा तुटलाय ते. आसं म्हणायचा म्हणे. माझ्यासमोर कधी म्हणाला न्हाई. ह्या बापड्याला म्हणाला." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मला वाटलं, आजून चार शनिवार मिळाले तर मिळाले."

दिनकरचं नाव मी खरंच घेत नव्हते. घेतलं तर आत्तींना त्रास होईल, असं मला वाटायचं. त्यांना वाटायचं, ही विसरली. अशा आम्ही दोघी चार महिने एका घरात मीठ-दुधाचं बोलत होतो.

मी म्हटलं, "आत्ती, तुम्हाला जायचंय का?"

आत्तींनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता लगेच नाही म्हणतील. पण त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "आत्ता विचारलंस व्हय? बघतो. इचार करून सांगतो." मग पाना माझ्या हातात दिला. "ह्यो धर. मी सैल केलंय, तू आवळ. नीट आवळ, उद्या दारू भरायचीय न्हवं?"

डेलला मी काहीच सांगितलं नाही. रिंगेचा दोष सापडला, एवढंच म्हटलं. त्यानं कसला दोष ते विचारलं नाही. त्याला कळलं असेल का, याचा मला आजही अंदाज नाही. पण त्या दिवशी त्यानं टोपी काढून आत्तींना जरा जास्तच वाकून नमस्कार केला.

दारूचं काम आम्ही सावकाश केलं. काटा समतल ठेवला, तपासायचं वजन टाकून बघितलं, दारू पुन्हा पुन्हा काट्यावर घेतली. एकेक घर भरत गेलो. सळीखाली मुद्दाम एक रिकामी पुंगळी सरकवली, तर ती अशी कर्कश ओरडली, की आत्ती "आई गं!" म्हणून स्टुलावरून उठल्या. मग डेलनं त्यांना बोलावलं. दांडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी हात जोडून यंत्राला नमस्कार केला, दसऱ्याला मागाला करतात तसा, आणि ओढला. पहिलं खरं काडतूस घरंगळून ट्रेमध्ये पडलं. मी लांबी मोजली. बरोबर होती.

पुढच्या शनिवारी डेल म्हणाला, दोघीही चला. त्याच्या ट्रकमध्ये तिघं पुढं बसलो. क्लब म्हणजे माळ. राखाडी झुडपं, लांबवर डोंगराची कड, अजून डोक्यावर पांढरी. डेलनं आत्तींच्या कानांवर पदरावरूनच मोठे कर्णरक्षक बसवले. त्या अवतारात त्या हातांची घडी घालून उभ्या राहिल्या. डेलनं दिनकरचंच पिस्तूल घेतलं होतं. त्याची वाकडी बोटं कशीबशी मुठीभोवती आली. त्यानं श्वास सोडला आणि पहिला बार काढला. मग दुसरा. मग सगळे. एकही काडतूस अडलं नाही, एकही फुसकं निघालं नाही.

बार थांबल्यावर डेलनं पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि आमच्याकडं पाठ करून बराच वेळ डोंगराकडं बघत राहिला. आत्ती कर्णरक्षक गळ्यात अडकवून जमिनीवरच्या गरम पुंगळ्या वेचायला लागल्या. मीही वाकले. पदराच्या झोळीत पुंगळ्या टाकत त्या म्हणाल्या, "कुंदा, प्रकाशला फोन लाव आज."

"काय सांगू?"

"दिवाळीला येतो म्हणाव. सगळ्यांस्नी भेटतो, देवाला जाऊन येतो. सुनेच्या हातचं चार दीस खातो."

"मग?"

"मग काय? संक्रांतीच्या आत परत. तिकीट येण्याजाण्याचं काढ."

मी तिथंच, गुडघे मातीत टेकवून बसून राहिले. डेल वळला, माझ्या चेहऱ्याकडं बघून घाबरला, काय झालं म्हणून विचारायला लागला.

आत्तींनी त्याला हातानंच थांबवलं. मग माझ्याजवळ येऊन, पदराची झोळी सावरत, बजावून म्हणाल्या, "आणि मी नसताना शनिवारी काडतुसं भरताना डेलराव जे जे बोलतील, ते ध्यानात ठेवायचं. आल्यावर मला सगळं सांगायचं. मधलं काई गाळायचं न्हाई."

"नाही गाळणार," मी म्हटलं. आणि डेलकडं वळून विचारलं, दिनकर इथं नेमका कुठं उभा राहायचा?